भयाचा आनंद

नाशिकास नवरात्रात कालिकादेवीच्या यात्रेत राहाटपाळण्यावरून खाली येताना पोटात गोळा उठतो. तरी मुले पुन्हा रांगेत उभी राहतात. या आनंदाची कुळकथा रशियातील बर्फाच्या घसरणीपर्यंत जाते. अमेरिकेत कोनी आयलंड येथे १८८४ साली थॉम्सनने रुळांवरची घसरगाडी चालविली. वेग ताशी अवघा ६ मैल! खोपोलीनजीक २०१३ साली उघडलेल्या इमॅजिकातील ‘नायट्रो’ तर माणसास उलटेसुलटे फिरविते. तेथे शौकीन मागची जागा पसंत करतात. कारण पुढील डबे मागच्यास माथ्यावरून वेगाने ओढतात. मात्र लोखंडावरील विश्वास ढळला, की हे सुख केवळ भयच उरते. म्हणून उंचीपेक्षा नित्याची तपासणी हेच चालकांचे प्रथम कर्तव्य होय.