घरचा एस्प्रेसो : यंत्राआधी पाणी तपासा

लग्नाच्या कार्यालयात स्टीलच्या उंच यंत्राच्या नळीतून फुसफुस आवाज येतो आणि फेसाळ दुधाचा कप हाती पडतो. त्याला आपल्याकडे वर्षानुवर्षे ‘एक्स्प्रेसो’ म्हटले गेले. प्रत्यक्षात त्या यंत्रातून येते ती केवळ वाफ. कॉफी बरणीतली, झटपट विरघळणारी असते. मूळ इटालियन एस्प्रेसोची कृती निराळी आहे. बारीक दळून घट्ट दाबलेल्या कॉफीच्या थरातून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ९ बार दाबाने ढकलायचे आणि दोन-तीन घोट दाट अर्क मिळवायचा. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये वाफेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. अर्कावरचा तांबूस फेस मात्र आकिले गाज्जिया यांच्या तरफेच्या यंत्रामुळे, दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आला.

येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर या पट्ट्यात माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर कॅफेही. कॅफेतली ही चव आता घरच्या ओट्यावर येऊ पाहते आहे. काही यंत्रे येथे विकत घेतलेली असतात, काही अमेरिकेतून येणाऱ्या नातलगाच्या सामानातून येतात. दुसऱ्या प्रकारात सावध राहावे. तिकडची यंत्रे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी असतात. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ती थेट लावली तर जळतात. ट्रान्स्फॉर्मरने व्होल्टेज उतरवता येते, वारंवारता बदलत नाही. त्यामुळे घरगुती यंत्रांतला कंप पावणारा पंप ५० हर्ट्झवर मंद चालतो. येथे विकत घेतलेल्या यंत्रालाही अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा प्लगच द्यावा.

खोक्यावर ठळक छापलेल्या ‘१५ बार’, ‘२० बार’ या आकड्यांना भुलू नये. तो पंपाच्या कमाल क्षमतेचा आकडा असतो; कॉफीला ९ पुरतात. पैसे राखून ठेवायचे तर ते ग्राइंडरसाठी. मिक्सरचे पाते बिया दळत नाही, तोडते. त्यामुळे काही कण पिठासारखे, तर काही रव्यासारखे निघतात. एकाच कपात कडू आणि आंबट अशा दोन्ही चवी उतरतात. फिल्टर कॉफीची तयार पूडही येथे कामाची नाही. चिकोरीमिश्रित पुडीत निम्म्यापर्यंत चिकोरी असू शकते, आणि ती पाणी शोषून फुगते व गाळणी तुंबवते. चिकमगळूर किंवा कूर्गच्या निव्वळ बिया घ्याव्यात, पाकिटावर भाजल्याची तारीख पाहावी आणि महिन्याभरात त्या संपवाव्यात.

शिकताना एक प्रमाण पक्के धरावे : १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम अर्क, २५ ते ३० सेकंद. छोटा डिजिटल काटा यासाठी आवश्यक आहे. चमच्याचे माप चालत नाही. अर्क पंधरा सेकंदांतच धो-धो उतरला तर दळण अधिक बारीक करावे; चाळीस सेकंदांनंतरही थेंबथेंब येत असेल तर जाडसर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पहिली पाव किलो कॉफी शिकण्यातच जाते, हे गृहीत धरलेले बरे. पावसाळ्यात पूड दमट होते आणि कालचे दळण आज लागू पडत नाही, याचाही अनुभव लवकरच येतो.

मात्र यंत्राचे आयुष्य ठरते ते पाण्यावर. महापालिकेकडून खडकवासला धरणसाखळीचे पाणी येते. शहराच्या पूर्व भागासाठी भामा-आसखेडची योजना २०२१ मध्ये सुरू झाली. धरणातले हे पावसाचे पाणी तुलनेने मृदू असते. परंतु अनेक सोसायट्यांच्या टाकीत त्यात बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळते, आणि बेसॉल्ट खडकात मुरलेल्या भूजलात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असू शकतात. गीझरच्या कॉईलवर बसणारा पांढरा थर तोच. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा स्वीकारार्ह आहे. कॉफीच्या जागतिक व्यावसायिक संघटनेचे माप याहून कडक आहे. म्हणजे माणसाला निर्धोक असलेले पाणी यंत्राला बाधू शकते.

यावर निव्वळ आरओचे पाणी हा उपाय वाटतो, पण तोही पुरा नाही. क्षार अगदीच नसले तर अर्क सपक लागतो, आणि पाण्याच्या विद्युतवहनावर पातळी ओळखणाऱ्या यंत्रांना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही. आरओचा टीडीएस ॲडजस्टर १०० ते १५० च्या दरम्यान ठेवणे हा मधला मार्ग. सोसायटीत सॉफ्टनर असेल तर टीडीएस मीटरवर विसंबू नये. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, मीटरचा आकडा जवळपास तसाच राहतो. कठीणपणा मोजणाऱ्या कागदी पट्ट्या वेगळ्या मिळतात.

क्षार काढण्यासाठी किराणा दुकानातले लिंबूसत्त्व चालते : लिटरभर कोमट पाण्यात सुमारे २० ग्रॅम, आणि नंतर दोन-तीन टाक्या स्वच्छ पाणी. हे दोन-तीन महिन्यांतून एकदा करावे, बोअरचे पाणी असल्यास अधिक वेळा. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आधी कंपनीची पुस्तिका वाचावी. व्हिनेगर वापरू नये. त्याचा वास दिवसेंदिवस जात नाही.

रोजची निगा पाच मिनिटांची आहे. दूध तापवून होताच वाफेची नळी ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडावी, कारण आत वाळलेले दूध सुईनेही निघत नाही. म्हशीच्या सायीच्या दुधापेक्षा गायीच्या दुधाचा फेस हलका होतो. ६० ते ६५ अंशांपुढे ते तापवू नये. चोथा लगेच काढावा. बंद गाळणी बसवून उलट्या दाबाने धुण्याची पद्धत फक्त दाब सोडणारी झडप असलेल्या यंत्रांतच वापरावी. जेथे पोर्टाफिल्टर अडकवतात तेथील रबरी गॅस्केट उष्णतेने कडक होते. कडेने पाणी झिरपू लागले की पोर्टाफिल्टर अधिक जोर लावून आवळण्याऐवजी गॅस्केट बदलावे. हा सुटा भाग येथे मिळतो का, हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारून ठेवावे.