शब्दवेध : ऊती

शालेय जीवशास्त्रात भेटणारा ‘ऊती’ हा शब्द मूळचा मागावरचा. संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे. त्यापासून ‘ऊति’, म्हणजे वीण. ‘ओतप्रोत’मधला ‘ओत’ही याच धातूचा. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सारे कशात ओत आणि प्रोत आहे? ऊतीचा इंग्रजी प्रतिशब्द ‘टिश्यू’सुद्धा विणण्याच्या लॅटिन क्रियापदातून, फ्रेंचमार्गे आलेला.

आज ही व्युत्पत्ती प्रयोगशाळेत अक्षरशः खरी ठरते आहे. पवईतल्या आयआयटी मुंबईतही हाडाच्या ऊतींसाठी तंतुमय सांगाड्यांवर संशोधन झाले आहे. रीत अशी : पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारख्या पॉलिमरचे द्रावण सुईतून हळूहळू सोडायचे आणि त्याला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून बारीक धार सुटते, द्रावक वाटेतच उडून जातो आणि समोरच्या पट्टीवर केसाहून कितीतरी बारीक तंतूंचे जाळे साचते. संशोधक अँटोन फॉर्महाल्स यांना या तंत्राचे अमेरिकी पेटंट १९३४मध्ये मिळाले.

शरीरातल्या पेशी कोलॅजेनच्या तंतुजाळ्यात राहतात, म्हणून या जाळ्यावरही त्या रुजतात. हाडासाठी त्यात हाडातल्या खनिजासारखे हायड्रॉक्सिअॅपेटाइट मिसळतात. नवे हाड भरत जाते तसा सांगाडा विरघळून जावा, ही अपेक्षा. ‘ऊती’ हा पारिभाषिक शब्द निवडणाऱ्यांचे मराठीवर मोठे ऋण आहे. त्यांनी नावातच शरीराची रचना सांगून ठेवली.