मातागींची डोंगरभाषा

उत्तर जपानमधील अकिता प्रांताच्या डोंगरांत मातागी ही शिकाऱ्यांची जुनी परंपरा आहे. वसंतात, बर्फ पुरते वितळण्याआधी, हिवाळी निद्रेतून उठणाऱ्या अस्वलांमागे हे लोक टोळीने निघत. काही जण खालून हाका घालीत, नेमबाज वरच्या कड्यावर दबा धरून बसत. टोळीच्या म्होरक्याला ते ‘शिकारी’ म्हणतात! (ध्वनिसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह मात्र आवरलेला बरा.)

भाषेच्या अभ्यासकाला खरे खिळवून ठेवतो तो त्यांचा शब्दनियम. डोंगरात शिरले की गावातले शब्द वर्ज्य. तेथे अस्वल ‘कुमा’ राहत नाही, ‘इताझु’ होते. आपल्याकडेही रात्री सापाचे नाव न घेता ‘जनावर’ म्हणतात. पण त्यामागे भीती आहे. मातागींच्या शब्दबदलात भीतीहून अधिक काही दिसते. डोंगर देवीचा, अस्वल हे तिचे देणे. म्हणून गावाचा विटाळ जिभेवरूनही वर जाता कामा नये. देवी मत्सरी, रूपाबाबत हळवी. तिला खूष करायला ओकोझे नावाचा कुरूप मासा सोबत न्यायचा. मांसाचे वाटे सर्वांना सारखे. अस्वलाचे पित्त वाळवून औषध म्हणून विकत. श्रद्धेला व्यवहाराची जोड होतीच.

मातागी जीवनावरील तात्सुया कुमागाई यांच्या कादंबरीला २००४ मध्ये नाओकी पुरस्कार मिळाला. शिकारी मात्र घटत गेले, उरलेले म्हातारे झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अस्वलांच्या हल्ल्यांमुळे अकितात सापळे वाहून नेण्यासाठी सैनिक बोलवावे लागले. सरकारी भाषेत अशा अस्वलांची गणना ‘उपद्रवी’ प्राण्यांत होते. ‘इताझु’ला तेथे जागा नाही.