विदर्भातील शिलावर्तुळे : नाद आणि विधी

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले म्हणजे जुनापाणीचा माळ लागतो. या माळावर काळ्या दगडांची वर्तुळे मांडलेली दिसतात. एक नव्हे, दोन नव्हे, सुमारे तीनशे. दगड फार मोठे नाहीत. कोठे गुडघ्याएवढे, कोठे फार तर कमरेएवढे. मधल्या जागेत लहान गोट्यांची भर घातलेली असते. गुराखी पोरे त्यांवर बसतात, गुरे त्यांमधून चरतात. पूर्वी आपल्याकडे लोक म्हणत की, ही जुन्या गवळ्यांच्या तळांची निशाणी आहे. कोणी म्हणे, खाली धन पुरले आहे.

ही वर्तुळे म्हणजे थडगी आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे 1000 ते 300 या काळात विदर्भात राहणाऱ्या, लोखंड वापरणाऱ्या, घोडे पाळणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. जुनापाणीप्रमाणेच माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, हिंगण्याजवळचे रायपूर, भागीमोहारी अशी त्यांची कितीतरी ठिकाणे नागपूर जिल्ह्यातच आहेत. वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतही ती आढळतात.

अलीकडे या प्राचीन दगडी स्मारकांविषयी जगभर एक नवा प्रश्न विचारला जातो. तो असा की, ही स्मारके केवळ पाहण्यासाठी बांधली होती, की ऐकण्यासाठीही? त्यांच्या रचनेत आवाजाला काही स्थान होते काय? हा प्रश्न आपल्या वर्तुळांनाही विचारून पाहू. प्रथम त्यांचा शोध कसा लागला ते थोडक्यात सांगतो.

स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याचे नाव नागपुरात सर्वांना ठाऊक आहे, कारण त्याच्या नावाचे महाविद्यालय येथे आहे. शाळा चालविणारा हा मनुष्य भूगर्भशास्त्राचाही अभ्यासक होता आणि नागपूरच्या आसपासच्या दगडांची व माणसांची त्याने सारखीच चौकशी केली. सप्टेंबर 1863 मध्ये तो सर रिचर्ड टेंपल यांच्या मुक्कामाबरोबर बोरीला गेला होता. टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना पुराने भरलेल्या ओढ्यात तो बुडून मरण पावला. त्याचे कागद टेंपल यांनी 1866 साली छापून प्रसिद्ध केले. पुढे रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने जुनापाणीला खोदकाम केले आणि 1879 साली त्याचा वृत्तांत छापला. तेथील काही दगडांवर वाटीसारखे लहान लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत, हे त्याने नोंदविले. असेच खळगे युरोपातील प्राचीन दगडांवरही आहेत, याचे त्याला मोठे नवल वाटले.

स्वातंत्र्यानंतर शास्त्रशुद्ध उत्खनने झाली. 1961-62 साली बी. के. थापर यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे उकलली. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी 1968 पासून टाकळघाट-खापा आणि नंतर माहूरझरी येथे काम केले. नायकुंडला देव आणि जामखेडकर यांना पेंच नदीच्या परिसरात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे आपल्या या भागात सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वी लोखंड तयार होत होते. वर्तुळांत काय मिळाले? काळ्या-तांबड्या रंगाची मडकी, कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, बाणांची टोके, तांब्याची झाकणे व भांडी, अकीकाचे मणी, क्वचित सोन्याचे दागिने. मृताचे अख्खे शरीर पुरलेले नसून कित्येकदा निवडक अस्थीच ठेवलेल्या असत. याचा अर्थ असा की, मरण आणि पुरणे यांमध्ये काही काळ जाई, आणि दुसरा विधी सावकाश, माणसे जमवून, होत असावा. मोठे दगड ओढून आणणे हे एका घराचे काम नव्हे. त्याला गाव लागते.

आता आवाजाकडे वळू.

इंग्लंडात स्टोनहेंज नावाचे उभ्या शिळांचे प्रसिद्ध वर्तुळ आहे. सॅलफर्ड विद्यापीठातील ट्रेव्हर कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची बाराव्या हिश्श्याची प्रतिकृती केली. मूळच्या रचनेत असाव्यात तेवढ्या, म्हणजे 157 शिळा त्यांनी तीत उभ्या केल्या आणि ध्वनीची मोजमापे घेऊन 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्तुळाच्या आत बोललेला शब्द आतल्या माणसांना मोकळ्या रानापेक्षा अधिक ठळक ऐकू येई. बाहेर उभ्या असलेल्यांना मात्र त्याचा विशेष लाभ नव्हता. आयर्लंडात न्यूग्रेंज नावाचे मोठे दगडी थडगे आहे. त्याच्या आतल्या खोलीत 1994 साली ध्वनीची परीक्षा झाली, तेव्हा सेकंदाला सुमारे 110 कंपनांचा नाद तेथे विशेष घुमतो असे दिसले. पुरुषाच्या खर्जातल्या आवाजाची जात हीच. आपल्या शेजारी, बळ्ळारी जिल्ह्यात कुपगल येथे डोलेराइटचे काळे खडक आहेत. त्यांतील काहींवर दगडाने ठोकले असता ते घंटेसारखे वाजतात. नवाश्मयुगातील माणसांनी ते पुन्हा पुन्हा ठोकल्याच्या खुणा त्यांवर आहेत, आणि जवळच गुरांची व माणसांची चित्रे कोरलेली आहेत.

हे ऐकून कोणासही वाटेल की, जुनापाणीचे वर्तुळही असेच आवाज घुमविण्यासाठी रचले असणार. परंतु येथे थोडा हिशेब करावयास हवा, आणि तो सातवी-आठवीच्या मुलालाही येईल. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. 110 कंपनांच्या खर्जाची एक लहर तीन मीटरांहून थोडी अधिक लांब भरते. स्टोनहेंजच्या बाहेरच्या कड्यातील उभ्या शिळा जमिनीवर चार मीटर उंच आहेत. त्या अशा लहरीला अडवून मागे फिरवू शकतात. जुनापाणीचा दगड मीटरभरही उंच नाही. माणसाचा आवाज त्याच्यावरून, आणि दोन दगडांमधल्या फटींतून, सरळ निघून जातो. वर छप्पर नाही, भोवती भिंत नाही. अशा मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर चौथाईवर येतो. तेव्हा आपल्या वर्तुळातले दगड आवाज घुमवीत नव्हते, हे सरळच मान्य करावे लागते. न्यूग्रेंजविषयीही एक सावधगिरी बाळगावी. बंद दगडी खोलीत कोणता ना कोणता सूर घुमणारच. घरातल्या रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलले तरी तो घुमतो. नाद घुमतो एवढ्यावरून तो घुमविण्यासाठीच खोली बांधली, असे सिद्ध होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातील हिरापूरला शिळा उभ्या करून वर प्रचंड शिळांची झाकणे टाकलेली घरकुले आहेत. त्यांच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवली पाहिजे.

मग आपल्या वर्तुळांचा आणि नादाचा संबंध संपला काय? मला तसे वाटत नाही. दगड बोलत नसला तरी दगडाभोवती जे घडले ते मुकाट्याने घडले नव्हते, याचे पुरावे मातीत मिळाले आहेत.

पहिला पुरावा घोड्याचा. माहूरझरी येथे माणसाबरोबर घोडाही पुरलेला आढळला. त्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा साज होता, लोखंडी लगाम होता, आणि हाडांवर घाव होते. मालकाच्या मागोमाग घोड्याचा बळी दिला गेला असावा, असे संशोधक मानतात. या काळच्या थडग्यांत तांब्याच्या लहान घंटाही मिळतात. आता पोळ्याच्या दिवशीचा आपला बैल डोळ्यांपुढे आणा. त्याला बाशिंग बांधतो, झूल घालतो, गळ्यात घुंगरमाळ चढवितो. तो वळणावर दिसण्याआधी त्याचा आवाज येतो, आणि पोरे म्हणतात, आला आला! तांब्याने सजविलेला तो घोडा माळाकडे चालत निघाला असेल तेव्हा त्याचाही साज असाच वाजत असला पाहिजे. घंटेचा किणकिण आवाज उंच पट्टीचा असतो आणि उघड्या रानातही कान तो चटकन टिपतो. अशा जागेला शोभणारे वाद्य घंटा हेच.

दुसरा पुरावा जुनापाणीच्या खळग्यांचा. काळ्या फत्तरात वाटीएवढा खळगा पाडावयाचा म्हणजे दगडावर दगड शेकडो, हजारो वेळा ठोकावा लागतो. ओळीने असे खळगे करावयाचे तर ते काम तासन् तास चालणार. टाकीचा ठणठणाट आपण पाथरवटाच्या दारी ऐकला आहे. तो आवाज माळावर दूरवर गेला असणार. या खळग्यांचे दगड वर्तुळात वाटेल तेथे बसविलेले नाहीत. ठरावीक दिशांना ते पुन्हा पुन्हा आढळतात, असे अलीकडे केलेल्या मोजणीवरून काही संशोधकांनी मांडले आहे. सूर्याच्या उगवतीशी त्यांचा संबंध जोडण्याचा प्रयत्नही झाला आहे. दिशा पाळून कोरणे ही उगाच केलेली टवाळी नव्हे, तो विधीचाच भाग असावा.

तिसरी गोष्ट पुराव्याची नव्हे, तुलनेची आहे. गडचिरोलीत भामरागडकडे आणि शेजारच्या बस्तरात माडिया गोंड आपल्या मृतांसाठी आजही दगड उभा करतात. ग्रिग्सन यांनी 1938 साली आणि एल्विन यांनी 1945 साली बस्तरातील या चालीरीतींचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे मरणाची वर्दी ढोल वाजवून गावोगाव दिली जाते, मंडळी जमतात, सर्वांनी मिळून शिळा आणावयाची असते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे लोक यांचेच पूर्वज होते, असे यावरून म्हणता येणार नाही. पण दगडाचे स्मारक आणि जमलेल्या माणसांचा घोष यांची जोडी कशी असते, ते येथे डोळ्यांनी पाहता आणि कानांनी ऐकता येते.

आणि इतके दूर तरी कशाला जा? आपल्या गावात मयताच्या पुढे डफडे वाजते. चितेभोवती पाण्याने भरलेले मडके घेऊन फेरा घालतात, त्याला दगडाने छिद्र पाडतात, शेवटी मडके फोडतात. तोच दगड जीवखडा म्हणून जपून ठेवतात, आणि दहाव्याला त्याच्यावर तिलांजली देतात. गेलेल्या माणसाला काही दिवस तरी दगडात जागा द्यावी, त्याच्याशी बोलावे, आणि त्याची वाट मोठ्या आवाजाने मोकळी करावी, ही भावना आपल्याला परकी नाही. म्हणूनच जुनापाणीच्या माळावर उभे राहिले असता ते लोक आपल्याला अगदीच अनोळखी वाटत नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींनो, यातील ध्वनीचा पाठ शाळेच्या मैदानातच करता येईल. दहा पावलांच्या त्रिज्येचे वर्तुळ आखून मुलांना त्यावर उभे करा. एकाने मध्ये उभे राहून साध्या आवाजात बोलावे, मग घंटा वाजवावी. नंतर मुलांना दुप्पट अंतरावर न्यावे. पुढे हेच एखाद्या दगडी देवळाच्या मंडपात करून पाहावे. मुले जे ऐकतील ते वहीत उतरवतील, आणि माळ व मंडप यांतला फरक पुस्तकाविना त्यांना कळेल. मात्र प्रत्यक्ष वर्तुळावर सहल नेली तर तेथील दगड ठोकून पाहू देऊ नका. तीन हजार वर्षांच्या खळग्यावर एक नवा घाव पडला की जुने-नवे वेगळे करणे कठीण होते.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. या वर्तुळांचा सारा अर्थ दगड जागच्या जागी असण्यात आहे. खळग्याचा दगड कोणत्या दिशेला होता, घोडा माणसाच्या कोणत्या बाजूला होता, हे सरकलेल्या दगडावरून कळत नाही. नागपूर शहर वाढते आहे, रस्त्यांना गिट्टी लागते, पायव्याला दगड लागतो, वावर साफ करताना ट्रॅक्टरला गोटे आडवे येतात. धनाच्या लोभाने रात्री खणणारेही असतात. त्यांना खाली मिळते ते गंजलेले लोखंड आणि फुटकी मडकी. त्यांच्या हातून मात्र एका माणसाच्या शेवटच्या विधीची सर्व नोंद पुसली जाते. यांतील कित्येक स्थळे 1958 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित आहेत. जमिनीत काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे 1878 चा निधी कायदाही सांगतो. पण तीनशे वर्तुळांवर चौकीदार किती ठेवणार? धुऱ्यावरचा गोल ओळखणारा शेतकरी आणि तो मुलांना दाखविणारा मास्तर हेच खरे राखणदार.

आपल्या शिवारात असा दगडांचा गोल असेल तर तो कोणत्या वावरात आहे, दगड किती, उंची किती, खळगे आहेत काय, एवढे शाळेच्या वहीत लिहून ठेवावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. त्या माळावरच्या घंटा केव्हाच थांबल्या. त्या कोठे आणि कशासाठी वाजल्या असतील हे पुढच्या पिढीला शोधता यावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.