घाट, घड्याळ आणि आठवण

बाळपणीं कर्जत स्टेशनावर गाडीस मागून जादा इंजिनें जोडलीं जात, तेवढा वेळ आम्हांस संपतां संपत नसे. पुढें बोगदे मोजीत खंडाळा गांठेपर्यंत जणूं एक युग लोटे. आज पन्नाशी उलटल्यावर तोच घाट वर्तमानपत्राचें एक पान वाचून होण्यापूर्वींच सरतो. घाट तोच, चढ तोच. मग आटलें तें काय?

विल्यम जेम्स या अमेरिकन पंडितानें १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत याचा विचार केला आहे. तारुण्यांत प्रत्येक दिवस कांहीं नवें दाखवितो. पुढें सारें नित्याचें होतें, आणि ज्या वर्षांत आठवण्याजोगें थोडें, तें मागें वळून पाहतां आंखूड दिसतें.

याचा दाखला शोधावयास दूर जावयास नको. खालापूरच्या शेजारच्या पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे निघाले. घाटांतून आगगाडी सुरू झाली ती १८६३ सालीं. तेव्हां हा प्रवास पायींच. बंडाच्या धामधुमींत सांपडून त्यांनीं झांशीचा पाडाव प्रत्यक्ष पाहिला. सुमारें पंचवीस वर्षांनीं चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनीं ती हकीकत लिहिली; ‘माझा प्रवास’ या नांवानें ती १९०७ सालीं प्रसिद्ध झाली. मधल्या शांत वर्षांस तींत फारशी जागा नाहीं. तिशीच्या सुमाराचीं तीं दोन-अडीच वर्षें मात्र ग्रंथभर पसरलीं आहेत. त्यांतील तारखा व ऐकीव गोष्टी संशोधकांस पडताळून घ्याव्या लागतात. पण जळत्या शहराचें जें चित्र त्यांनीं काढलें, तें कोणत्या दप्तरांत मिळणार? तारीख कागदास विचारावी, चित्र वृद्धास विचारावें, हाच येथें इतिहासाचा न्याय.

माथेरानचे भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर हुतात्मे झाले. त्या दिवशीं कर्जतच्या खेड्यांत जें मूल दहा वर्षांचें होतें, त्यानें आज नव्वदी ओलांडली आहे. अशा आजोबांस सकाळचें जेवण आठवत नाहीं, म्हणून त्यांची त्या काळची साक्षही गेली असें घरच्यांनीं समजूं नये. म्हातारपणीं कालचा दिवस पुसट होतो आणि कोवळ्या वयांतला ठळक राहतो, हें आपण नित्य पाहतों. ज्यांच्या घरीं असे वडीलधारे असतील, त्यांनीं आज संध्याकाळींच वही घेऊन त्यांच्यापाशीं बसावें. त्यांचीं वर्षें आंखूड होत चाललीं आहेत, आणि आमचींही.