शाईची अफवा, आवाजाची क्लिप

१९ नोव्हेंबर २०२४ची रात्र. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं, म्हणून मी पुण्याहून कारेगावला आलो होतो. जेवणं झाली आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ओट्यावर बसल्या बसल्या मोबाइल माझ्या कानाला लावला. "ऐक. आवाज ताईंचाच हाय का नाय?"

आवाज सुप्रिया सुळ्यांचा वाटत होता. बिटकॉइनच्या बदल्यात रोकड हवी, असं काहीसं बोलणं. दुसऱ्या क्लिपमध्ये नाना पटोले. पुण्यातल्या २०१८च्या बिटकॉइन घोटाळ्यातला पैसा निवडणुकीत वापरला जातोय, असा आरोप एका माजी आयपीएस अधिकाऱ्याने त्याच दिवशी केला होता. भाजपने क्लिपा आपल्या एक्स खात्यावर टाकल्या, सुधांशु त्रिवेदींनी पत्रकार परिषद घेतली. सुळ्यांनी आरोप फेटाळले आणि निवडणूक आयोगाकडे, सायबर पोलिसांकडे तक्रार केली. पण जाहीर प्रचार १८ तारखेच्या संध्याकाळीच थांबला होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ने मतदान संपण्याआधीचे ४८ तास शांततेचे ठरवलेत. सभा नाही, भोंगा नाही. तात्यांच्या फोनला मात्र ते कलम लागू नव्हतं.

मी एआयबद्दल सांगायला लागलो. सॉफ्टवेअरवाला पुतण्या, त्यामुळे जरा जास्तच सांगितलं असणार. तात्या मध्येच म्हणाले, "आमच्या लहानपणी शाईचं असंच उठलं होतं."

ते १९७१च्या लोकसभेबद्दल बोलत होते. त्या वर्षी इंदिरा गांधींच्या काँग्रेसला, गाय-वासरू चिन्हावर, ३५२ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात ४५पैकी ४२. विरोधकांना एवढा पराभव पचेना. दक्षिण दिल्लीत हरलेले जनसंघाचे बलराज मधोक म्हणाले की मतपत्रिकांवर रसायन लावलेलं होतं. मतदाराने मारलेला शिक्का उडून जातो आणि आधीच मारून ठेवलेला गाय-वासरावरचा अदृश्य शिक्का काही दिवसांनी वर येतो. शाई म्हणे रशियाहून आणलेली! हा विजय गाईचा नाही, बाईचा नाही, शाईचा आहे, अशी कोटी मराठीत झाली आणि ती इतकी चपखल बसली की आरोपापेक्षा जास्त टिकली. तात्यांना मधोक आठवत नव्हते, कोटी तोंडपाठ होती.

मला त्या प्रकरणात रस आहे तो पुढच्या भागामुळे. मधोकांनी निवडणूक याचिका केली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नमुना म्हणून काही मतपत्रिका तपासायची परवानगी मिळाली. शाईचा सिद्धांत टिकला नाही. आरोप कितीही अचाट असो, तो ज्या वस्तूबद्दल होता ती वस्तू मोहोरबंद पेटीत पडून होती. पेटी उघडायची, कागद उजेडात धरायचा.

आपल्या काळातही असं कधी कधी जमतं. २०२४च्या लोकसभा प्रचारात, एप्रिलच्या अखेरीस, अमित शहांचा एक व्हिडिओ फिरला. त्यात ते अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींचं आरक्षण संपवू असं म्हणताना दिसत होते. मुंबईच्या सायबर पोलिसांनी महाराष्ट्र युवक काँग्रेसच्या समाजमाध्यम खात्यावर आणि इतरांवर गुन्हा नोंदवला. तो व्हिडिओ कापून-जोडून केलेला होता. मूळ भाषण एप्रिल २०२३चं, तेलंगणातलं, मुस्लिम आरक्षणाबद्दलचं, आणि ते अख्खं इंटरनेटवर होतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की काम झालं. फसलेले सगळे परत फिरले असतील असं नाही, पण ज्याला पाहायचं होतं त्याला मूळ सापडत होतं.

तात्यांच्या फोनमधल्या क्लिपला शेजारी ठेवायला काहीच नव्हतं. व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट ओपस नावाच्या कोडेकने दाबून लहान करतं. आवाज कळण्यापुरता राहतो. यंत्राने बनवलेल्या आवाजाच्या खुणा ज्या बारकाव्यांत सापडू शकतात, ते बरेचसे गाळले जातात. कुठल्या फोनवर, कधी रेकॉर्ड झालं, हेही त्यातून कळत नाही. आणि ज्यांची तासन् तास भाषणं यूट्यूबवर आहेत त्यांचाच आवाज बनवायला सगळ्यात सोपा. आमचे खासदार अमोल कोल्हे तर टीव्हीवर संभाजीराजे होते, त्यांचा आवाज घराघरात ओळखतात. ही ओळखच कच्चा माल आहे.

६ मे २०२४ रोजी आयोगाने पक्षांना बजावलं होतं की बनावट मजकूर लक्षात येताच तीन तासांत काढून टाका. नियम पक्षांच्या खात्यांसाठी बरा आहे. 'कारेगावकर' नावाच्या आमच्या भावकीच्या ग्रुपला तो कोण लावणार? रांजणगाव एमआयडीसीतल्या, आमच्याच चाळीत खोल्या घेऊन राहणाऱ्या पोरांनाही ती क्लिप आली होती, हिंदी मथळ्यासकट.

२० तारखेला सकाळी अजित पवार म्हणाले की दोघांबरोबर आपण काम केलंय, आवाज त्यांचेच आहेत, चौकशी होईल. तात्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "घे. भाऊच सांगतोय." आमच्याकडे याच्या वरची साक्ष नाही. भीमेपलीकडचं दौंड बारामती लोकसभेत येतं. त्या घरातले आवाज इथे पाहुण्यारावळ्यांसारखे ओळखले जातात. कानाने ओळखणं आणि खरं असणं यात फरक पडायला लागलाय, हे मी सांगत होतो आणि ते मलाच पोकळ वाटत होतं.

बूम या तथ्यपडताळणी संस्थेने क्लिपा तपासल्या आणि त्या एआयने बनवल्याच्या खुणा सापडल्याचं सांगितलं. मी लिंक तात्यांना पाठवली. ते मतदान करून आले होते, बोटावर शाई ओली होती. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "बरं, ही खोटी. मग खरी कुठंय?"

"खरी नसतेच, तात्या. बनवलेली म्हणजे मुळातच बनवलेली."

"असं कसं? नक्कल हाय म्हंजी अस्सल असणारच की."

बराच वेळ आम्ही त्यावरच बोलत बसलो.