वेळासच्या वाळूंतील शास्त्र

वर्ध्यासारख्या कोरड्या मुलखांत हयात काढून आम्ही समुद्रावर लिहावयास बसलों, याचें वाचकांस नवल वाटेल. मुंबईचा किनारा आमच्यापासून आगगाडीच्या वाटेनें साडेसातशें किलोमीटरांहून दूर. आमच्याकडील ढिवर जाळें टाकतो तें तळ्यांत आणि नदींत. परंतु आमच्या वर्धा नदीचें पाणी वैनगंगेस मिळून प्राणहिता होतें, आणि गोदावरीच्या ओघांत अखेर बंगालच्या उपसागरास पोंचतें. समुद्राशीं आमचें नातें काय तें एवढें.

समुद्राचें शास्त्र समुद्रकांठींच शिकावें, ही कल्पना युरोपांत रुजविण्यांत आंतोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाचा वांटा मोठा. इ. स. १८७२ त त्यानें नेपल्स येथें प्रयोगशाळेचा पाया घातला. घरचा पैसा पुरेना, तेव्हां त्याच इमारतींत मत्स्यालय काढून १८७४ पासून लोकांस तिकीट लावलें. खालीं प्रेक्षकांनीं मासे पाहावे आणि त्या पैशावर वर संशोधकांनीं सूक्ष्मदर्शकांत डोळे घालावे, असा तो प्रपंच होता. शास्त्रालाहि पोट असतें, हें डोर्नला जितकें कळलें तितकें पुष्कळ प्राध्यापकांस अद्यापि कळलेलें नाहीं. त्यांत आम्हीहि आलों.

आपल्याकडे असा प्रयोग घडला तो एका खेडेगांवांत. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांतील वेळास हें इतिहासाच्या वाचकांस नाना फडणविसांचें गांव म्हणून ठाऊक असेल. चिपळूणची ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ त निघाली. तिचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी २००२ सालीं समुद्रगरुडांची पाहणी करीत या किनाऱ्यास आले, तों वाळूंत कासवाच्या अंड्यांचीं टरफलें दिसलीं. शोधावयास जावें एक आणि सांपडावें दुसरेंच, हें शास्त्राच्या इतिहासांत नवें नाहीं.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यांत रात्रीच्या वेळीं किनाऱ्यावर येते, वल्ह्यांसारख्या मागल्या पायांनीं हातभर खड्डा खणते, शंभरएक अंडीं घालून वाळू सारखी करते आणि समुद्रांत परतते. पिलांचें तोंड ती पाहत नाहीं. सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें निघतात. नर निपजेल कीं मादी, हें वाळूच्या उबेवर ठरतें. ऊब अधिक तर माद्या अधिक. मधल्या काळांत कुत्रीं, कोल्हीं आणि माणसें हीं घरटीं उकरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा या कासवाला आश्रय आहे. परंतु मध्यरात्रीं वाळूंत कायदा उभा नसतो.

संस्थेनें केलें तें इतकेंच, कीं अंडीं अलगद काढून कुंपण घातलेल्या जागीं तितक्याच खोल पुन्हां पुरलीं आणि राखण ठेविली. पण राखण करावी कोणीं? वाळूवर उमटलेला माग पाहून घरटें हुडकण्याची विद्या गांवकऱ्यांपाशींच होती. एके काळीं ती अंडीं विकण्याच्या कामीं येई. तीच आतां राखणीस लागली. या राखणदारांस ‘कासवमित्र’ म्हणतात. आमच्या मतें या कथेंतील पहिले संशोधक तेच. इतिहास मात्र नांवें नोंदतो संस्थांचीं, आणि आम्हीहि वर तेंच केलें.

२००६ पासून तेथें कासव महोत्सव भरूं लागला. पिलें समुद्राकडे धांवतात तें पाहण्यास पुण्या-मुंबईचीं माणसें येतात, गांवकऱ्यांच्या घरीं उतरतात, त्यांच्या हातचें जेवतात, आणि पैसा गांवांत राहतो. नेपल्सचें तिकीट तें हेंच! तेथें पैसा प्रयोगशाळेस मिळाला, येथें अंडीं न विकणाऱ्यास. ही दुसरी व्यवस्था आम्हांस अधिक न्यायाची वाटते. मात्र पिलें उजेडाच्या रोखानें चालतात, आणि गर्दी म्हटली कीं विजेऱ्या आल्याच.

पुढें वनखात्यानें हें काम हातीं घेतलें. २०२२ च्या जानेवारींत कांदळवन प्रतिष्ठान व भारतीय वन्यजीव संस्था यांनीं वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहास ठिकाण कळविणारें यंत्र बसविलें. तिचें नांव ‘प्रथमा’. २०२३ त गुहागरची ‘बागेश्री’ श्रीलंकेस वळसा घालून बंगालच्या उपसागरांत शिरली. २०२५ च्या जानेवारींत तर याच्या उलट घडलें: २०२१ त ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली मादी गुहागरच्या वाळूंत अंडीं घालतांना आढळली. दोन्ही किनाऱ्यांचीं कासवें निरनिराळीं मानण्याकडे तोंवर विद्वानांचा कल होता.

हें सारें आम्ही वर्गांत सांगितलें, तेव्हां पुलगांवकडील एक विद्यार्थिनी उभी राहिली. तिच्या वडिलांचें जाळें वर्धा नदींत असतें. “सर, आमच्या नदींतलीं कासवें कोण मोजतं?” तिनें विचारलें. आम्हीं फळा पुसावयास घेतला. उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. तिच्या वडिलांस विचारावें, असें घरीं आल्यावर सुचलें.